इम्तियाजचा डावा हात

सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत ज्या कंपन्यांच्या गेटवर कार्ड टेकवल्याशिवाय माणूस आत जात नाही, त्यातल्या निम्म्याअर्ध्या गेटांवरची मशिनं इम्तियाज मुलाणीनं बसवलेली आहेत. भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची, मशिन ठोकायचं, हिरवा दिवा लागला की साहेबाची सही घ्यायची आणि पुढची कंपनी गाठायची. हात चपळ, काम नीटस. खोड एकच. काम चालू असतं एका दाराचं आणि डोकं असतं पुढच्या दारात. त्यामुळं मागं काहीतरी राहतंच. कधी पक्कड, कधी डबा, आणि बहुतेकदा स्वतःचं कार्ड नाहीतर खोलीची किल्ली. साऱ्या एमआयडीसीची दारं उघडून देणारा आपला नवरा सणसवाडीत स्वतःच्या खोलीबाहेर पायरीवर बसून घरमालकाची वाट बघत असतो, हे सुमैयानं माहेरी दौंडला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिचे भाऊ त्याला 'पायरीवाले दुल्हेभाई' म्हणायला लागले होते.

हे सगळं त्यानं हसण्यावारी नेलं असतं. पण मध्ये तो काचेच्या खोलीचा प्रकार झाला.

रांजणगावच्या एका कंपनीत धूळ चालत नाही असा एक विभाग होता. तिथं एकापुढं एक दोन दारं, मध्ये काचेची चिंचोळी खोली. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही आणि कार्डाशिवाय दोन्ही उघडत नाहीत. बसवलं होतं इम्तियाजनंच, आणि बसवताना साहेबाला छाती पुढं काढून सांगितलं होतं की यातून उंदीरसुद्धा चुकून जायचा नाही. एका दुपारी तो कुणाच्या तरी मागोमाग आत शिरला. पुढचा माणूस पुढच्या दारातून निघून गेला. इम्तियाजचं कार्ड बाहेर खुंटीला, शर्टाच्या खिशात. जेवणाची सुट्टी झाली होती. लाईनवरची पोरं हातात ताटं घेऊन काचेपाशी थांबून बघायला लागली. एकानं तर काचेला केळं लावून दाखवलं. शेवटी त्याचा दोस्त सतीश साळवे, जो त्याच कंपनीत मेंटेनन्सला होता, तो आला. त्यानं दार उघडलं, पण आधी पोटभर हसून घेतलं.

त्या दिवसापासून इम्तियाजच्या डोक्यात कार्ड या वस्तूविषयीच अढी बसली. विसरता येणार नाही अशी एखादी जागा पाहिजे, असं त्याला वाटायला लागलं. माणूस सगळं विसरतो, पण हात खुंटीला ठेवून कुणी कामाला जात नाही. मोबाईलवर शोधता शोधता त्याला एक गोरा माणूस सापडला. तो नुसता हात पुढं करी आणि त्याच्या गॅरेजचं दार उघडे. त्याच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधल्या मांसात, कातड्याखाली, एक चिप होती. शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढी काचेची नळी, आत तांब्याची तार आणि चिप. कार्डात असतं तेच, फक्त प्लॅस्टिकऐवजी माणसात.

त्यानं ती मागवली. आली तेव्हा काचेची नळी जेवढी नाजूक, तेवढीच तिच्यासोबतची सुई दांडगी निघाली. कुठल्या डॉक्टरकडं जावं असा विचार त्याच्या मनात आला, पण डॉक्टर आधी कशाला म्हणून विचारणार, मग नाही म्हणणार. शिवाय आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींना भोकं पाडून वायरी घातलेल्या माणसाला स्वतःच्या हाताची काय मातब्बरी.

रविवार होता. सुमैया भावाच्या मुलीच्या अकिक्याला, जावळाच्या जेवणाला, दौंडला गेली होती. यालाही जायचं होतं, पण कंपनीत अर्जंट काम निघालं असं त्यानं सांगितलं होतं. ते तसं खोटंही नव्हतं. कॉटवर जुनी चादर अंथरून त्यानं सगळं मांडलं. गोऱ्या माणसाच्या व्हिडिओचे दोन भाग होते. पहिल्यात चिप घालायची कशी, दुसऱ्यात घातल्यावर काळजी कशी घ्यायची. पहिला भाग त्यानं पुन्हापुन्हा बघितला होता. दुसऱ्यात तो माणूस मांडीवर उशी घेऊन तिच्यावर हात ठेवून नुसता बोलत बसलेला दिसला. काहीच घडेना, म्हणून इम्तियाजनं तो बंद केला होता.

दुखलं. त्यानं कुणाला कधी सांगितलं नाही, पण चांगलंच दुखलं, आणि मध्ये काही वेळ तो भिंतीला डोकं टेकून कलमा पुटपुटत बसला होता. मग रक्त पुसून, चिकटपट्टी लावून त्यानं पेटीतलं एक मशिन काढलं, चालू केलं आणि हात जवळ नेला. बीप वाजला. हिरवा दिवा लागला. आजवर त्यानं हजारदा तरी तो दिवा लागलेला बघितला असेल, पण यावेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा हात नेला. पुन्हा लागला. संध्याकाळपर्यंत तो दिवा लावत बसला होता.

इथवर सगळं बरं होतं. पण चिप घालताना त्यानं एकच विचार केला होता: आपण उजव्या हाताचे, सुई उजव्या हातानं धरणार, तर घालायची डाव्यात. डाव्या हाताला दिवसभरात काय काय करावं लागतं, हा विचार राहून गेला होता.

सोमवारी सकाळी तो गाडीवर बसला तेव्हा पहिली गोष्ट कळली. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो. नगर रोडची सकाळची गर्दी, कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, शिक्रापूरचा चौक. रांजणगाव येईपर्यंत क्लच दाबायचा आणि सोडायचा, आणि दर वेळी दांडा नेमका त्या मऊ जागेवर. दुसरी गोष्ट गेटवर कळली. मशिन त्यानंच गेटच्या उजव्या अंगाला बसवलेलं. डावा हात तिथं न्यायचा म्हणजे अंग पिरगाळून, कमरेत वाकून, कुणीतरी हात मुरगाळून धरल्यासारखं उभं राहायला लागे. पण चिपचा नंबर त्यानं आदल्या रात्रीच सगळ्या कंपन्यांच्या सिस्टिममध्ये आपल्या नावावर चढवला होता. दिवा लागला, आणि लागल्यावर बाकी सगळं त्याला क्षुल्लक वाटलं.

चहाच्या टपरीवर त्यानं सतीशला दाखवलं. सतीशनं चिकटपट्टीच्या कडेनं बोटानं चाचपून बघितलं आणि खरंच काहीतरी हाय म्हणाला. मग टपरीवाल्यानं चाचपलं. मग बिहारचा एक वेल्डर होता त्यानं चाचपलं आणि विचारलं की भैया, इससे पैसा भी निकलता है क्या. त्या दिवसात इम्तियाजच्या हाताला जेवढी बोटं लागली, तेवढी दर्ग्याच्या उंबऱ्यालाही लागत नसतील. त्यालाही कुणी विचारलं की आनंदच व्हायचा. तो हात पुढं करायचा.

सुमैया परत आली तेव्हा हात सुजला होता. गांधीलमाशी चावली, असं त्यानं सांगितलं. तिनं चुना लावायला काढला, तर त्यानं हात मागं घेतला. तिला तेव्हाच शंका आली. पण दोन दिवसांनी सूज मनगटावर आली, जागा तापली आणि लाल रेघ वर चढताना दिसायला लागली, तेव्हा गांधीलमाशीची गोष्ट टिकेना. त्यानं खरं काय ते सांगितलं. सुमैया ओरडली नाही. तिनं सतीशला फोन लावला, कारण सतीशची थोरली बहीण गौतमी शिरूरच्या एका दवाखान्यात सिस्टर होती. मग ती आत जाऊन त्याचे कपडे पिशवीत भरायला लागली.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात दिव्याखाली धरला.

"आत काय आहे हे?"

इम्तियाजनं सांगितलं.

"कुणी घातलं?"

"मीच."

"तसं नाही, कुठल्या दवाखान्यात?"

"खोलीवर, सर."

डॉक्टरांनी गौतमीकडं बघितलं. गौतमी जमिनीकडं बघत होती, कारण हा माणूस तिच्या भावाच्या ओळखीनं आला होता. कागदावर डॉक्टरांनी 'हातात परकी वस्तू' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलं. ते वाचून इम्तियाजला वाईट वाटलं. ती वस्तू त्याला परकी वाटत नव्हती.

पू काढला, तेव्हा खोलीवर पुटपुटलेला कलमा त्यानं इथं मोठ्यानं म्हटला. डॉक्टर म्हणाले, चिपही आत्ताच काढून टाकू. तो नको म्हणाला. ते म्हणाले, हट्ट करू नका, हात जाईल. तरी तो नको म्हणाला, पण आवाज खाली आला. शेवटी ठरलं असं की गोळ्या-इंजेक्शनं घ्यायची, उतरलं तर ठीक, नाहीतर पुन्हा यायचं आणि तोंडातून शब्द न काढता ती काढून घ्यायची.

बाहेरच्या बाकड्यावर गौतमीनं पट्टी बांधली आणि नियम सांगितले.

"ओलं करायचं न्हाई. दाबायचं न्हाई. क्लच न्हाई, बादली न्हाई, शिडी न्हाई. हात उशीवर, छातीच्या वर. आन् चालतंय का न्हाई ते बघायला मशिनपाशी न्यायचा न्हाई."

"किती दिवस, ताई?"

"हात सांगंल तवर. आन् खोलीवर ऱ्हाऊ नको. जिथं तुला कुणी हात हलवू देणार न्हाई, तिथं जा."

अशी जागा जगात एकच होती. सतीशनं गाडी काढली आणि न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून त्याला खुटबावला आईबापाच्या घरी नेऊन सोडलं. सुमैया मागाहून येणार होती. किंवा येणार नव्हती.

खुटबावला त्याचे वडील महबूबचाचा आणि आई बिबीजान. चाचांनी उभं आयुष्य विहिरींवरच्या मोटारींचं वायंडिंग केलं. बिबीजान गावातल्या बायकांचे ब्लाऊज आणि झंपर शिवायची. मुलाला हात गळ्यात बांधून उतरताना बघितलं आणि तिला वाटलं ॲक्सिडेंट. अपघात नाही, त्यानं स्वतःच्याच हातानं केलंय, हे कळल्यावर ती म्हणाली की अपघात परवडला असता, त्यात निदान दुसऱ्याला बोल लावता येतो.

चाचांनी खिशातून चष्मा काढला. त्यांनी मोबाईलवर चिपचं चित्र मोठं करून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ही तर वायंडिंग हाय," ते म्हणाले. "तारेचे टर्न किती हायती?"

इम्तियाजला ते माहीत नव्हतं.

"आन् जळाली तर? खोलायची कशी?"

तेही त्यानं ठरवलेलं नव्हतं. चाचांनी मोबाईल परत दिला. त्यांच्या धंद्यात जे परत खोलता येत नाही ते आधी बसवतच नाहीत.

मग डाव्या हाताचा खरा कारभार उघडा पडला. डाव्या हाताची कामं कुठली हे चारचौघांत बोलायची रीत नाही. पण ती असतात, आणि पाण्याशिवाय होत नाहीत. पाणी लावायचं नाही म्हटल्यावर ती उजव्याकडं आली. आणि ती उजव्याकडं आल्यावर त्याच हातानं भाकरी मोडायला इम्तियाजचं मन घेईना, कितीही साबण लावला तरी. म्हणून बिबीजाननं चमचा काढला. त्या घरात चमचे ईदच्या शीरखुर्म्यापुरते, आणि तेही पाहुण्यांसाठी बाहेर यायचे. आता हा पोरगा भाकरीचा काला करून चमच्यानं खात बसला. हातात काहीच धरायला लागू नये म्हणून ज्यानं एवढा खटाटोप केला, त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा आई लावायची.

गावात बातमी गेली की महबूबच्या पोरानं हातात सिमकार्ड घातलंय. शेजारची रतनबाई सकाळीच आली. आमच्या घरात रेंज येत नाही, तू ओसरीवर येऊन बसलास तर येईल का, असं तिनं काळजीनं विचारलं. सरकारनं घातलंय का, असं एकानं विचारलं. आता रेशनला अंगठा लावायला लागणार नाही का, असं दुसऱ्यानं. सगळ्यांत शांतपणे ऐकून घेतलं ते म्हस्कूआप्पांनी. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "आमच्या म्हशींच्या कानाला बी नंबराचा बिल्ला हाय. पर त्यो डाक्टरनं मारला. तवा चौघांनी धरली व्हती म्हशीला." आणि इम्तियाजच्या हाताकडं बघून पुढं म्हणाले, "तुला कुणी धरलं नव्हतं म्हण की."

बिबीजानला जखमेवर हळदीचा लेप लावायचा होता. गौतमीनं फोनवर सांगितलं की अजिबात नाही, त्यावर काहीच थापायचं नाही. दोघींचं त्यावरून बरंच बोलणं झालं. शेवटी तडजोड अशी निघाली की हळद आत जाईल, पण तोंडावाटे. दोन्ही वेळ दुधातून. इम्तियाजला हळदीच्या दुधाची लहानपणापासून किळस होती, पण त्या तहात त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी घर शांत असे. आईचं मशिन चालू, बाहेर कोंबड्या. आणि त्याला पहिल्यांदा कळलं की काहीच न करणं हे एक काम असतं आणि त्याला ते येत नाही. जखम खाजायला लागली होती. खाज म्हणजे भरून येतंय असं गौतमी म्हणाली होती, पण खाजवायचं नाही असंही म्हणाली होती. तो हात उशीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसायचा. व्हिडिओच्या दुसऱ्या भागातला गोरा माणूस नेमका असाच बसलेला होता. त्यानं तो भाग आता बघितला, पुरा. त्यात सगळं होतं. दाबू नका, ओलं करू नका, लगेच तपासू नका. सांगताना तो माणूस कंटाळलेला दिसत होता. बहुधा हा भाग कुणी बघत नाही हे त्यालाही माहीत असावं.

एकदा दुपारी त्यानं पिशवीच्या तळातून कार्डाचं छोटं मशिन काढलं. आईचं शिलाई मशिन थांबल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"ठेव ते," बिबीजान म्हणाली.

तिनं खुर्ची त्याच्याकडं वळवली आणि आपला उजवा तळहात त्याच्यापुढं धरला. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक निळसर ठिपका होता.

"दाब. हळू."

त्यानं दाबलं. आत काहीतरी कडक लागलं.

"सुई हाय. मशिनीची. तू पोटात व्हतास तवा मोडली. लगीनसराईचं काम व्हतं, डाक्टर म्हणला चिरावं लागंल, चार दिस शिवता येनार न्हाई. मी म्हणलं मग ऱ्हाऊ दे."

"काढलीच न्हाई?"

"आधी लई ठणकली. मग गप बसली."

इम्तियाजनं आईचा हात उलटासुलटा करून बघितला. या हातानं त्याला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, धपाटे घातले होते, आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. सवयीनं त्यानं ते छोटं मशिन तिच्या तळहाताजवळ नेलं. अर्थातच काही झालं नाही.

"कायच करत न्हाई ती," बिबीजान म्हणाली, सुईची बाजू घेतल्यासारखी. "म्हणून तर ऱ्हायली." आणि त्याच्या हातातलं मशिन काढून घेऊन तिनं ते कापडांच्या गाठोड्यात टाकलं आणि पुन्हा शिवायला बसली.

चाचा पाचही वेळचे नमाजी. इम्तियाज जुम्म्याचा, शुक्रवारपुरता, तोही सुट्टी असली तर. पण दुसरं कामच नव्हतं, म्हणून तो वडलांबरोबर मशिदीत जायला लागला. नमाजाआधी वजू करताना चाचा तांब्यानं पाणी घालायचे, उजव्या हातावर, तोंडावर, पायांवर, आणि डाव्या हातावर पट्टीवरून फक्त ओला हात फिरवायचे. पट्टी असली की एवढंच पुरतं, ते म्हणाले. एवढा मोठा मुलगा आणि त्याचे पाय म्हातारा बाप धुतोय, हे बघून मशिदीतली माणसं गहिवरली. हाताच्या निमित्तानं पोरगा दीनाकडं, धर्माकडं वळला, असं गावात बोललं गेलं. इम्तियाजनं ते दुरुस्त केलं नाही. खरंतर वडलांच्या हाताचं पाणी पायावर पडलं की त्याला जे वाटायचं, ते त्याला कुणाला सांगताही आलं नसतं.

सुमैया आली. दौंडहून रेल्वेनं खुटबाव स्टेशनवर उतरून एकटीच चालत आली आणि आल्याआल्या पट्टी बदलायचं काम तिनं सासूकडून स्वतःकडं घेतलं. गौतमी मोबाईलच्या पडद्यावरून सांगायची आणि ही करायची. जुनी पट्टी भिजवून काढायची, कडेनं पुसायचं, कापूस आत अडकू द्यायचा नाही. हात तिच्या मांडीवर. चेहरा दगडाचा. पहिले काही दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, त्याच्या हाताशीच काय ते बोलायची: "इथं लाल कमी हाय." "इथं कोरडं पडलं." इम्तियाजला आपल्याच हाताचा हेवा वाटायला लागला.

एक दिवस त्यानंच विषय काढला. खोलीच्या दाराला आपण तसलंच कुलूप बसवणार होतो, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, असं त्यानं सांगितलं.

"आन् मी आत कशी येनार?" तिनं विचारलं.

तुला किल्ली असतेच, असं तो म्हणाला. मग तुझ्यासाठी पण एक मागवता येईल, असंही म्हणाला.

सुमैयानं गाठ मारली आणि कात्री खाली ठेवली.

"मला चिपचं कायबी न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही त्या चादरीवर एकटे बसून हातात सुई घातली. चक्कर आली असती, तर मी दौंडात बिर्याणी वाढत व्हते. मला कुनी सांगितलं असतं?"

त्यानं माफी मागितली. ती म्हणाली, ती चादर पण मी फेकून दिली, डाग निघेना. त्यानंतर ती पुन्हा त्याच्याशी बोलायला लागली.

हाताचं दुखणं उतरलं. आधी ताप गेला, मग सूज, मग लाली. कातडी जुळून आली आणि तिच्याखाली ती नळी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी निवांत पडून राहिली. शिरूरला डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि नाखुशीनं मान्य केलं की बरं झालंय. गौतमीनं बोटं उघडमीट करून दाखवायला लावली. मग स्वतःच म्हणाली, "दाव की आता, कशी चालती ती." त्यानं आपला मोबाईल हाताजवळ नेला. त्या मोबाईलला ती चिप वाचता येत नव्हती, मशिन खुटबावला गाठोड्यात होतं. त्यामुळं दाखवायला काहीच नव्हतं. गौतमीनं त्याला तसंच घरी पाठवलं.

कामावर परतला त्या सकाळी तो मुद्दाम लवकर आणि या खेपेला गळ्यात कार्ड न घालता गेला. अंग पिरगाळून हात मशिनजवळ नेला. बीप, हिरवा दिवा, खटका सुटला. तो आत पाऊल टाकणार तोच गेटवरच्या चांगदेवमामांनी काठी आडवी धरली.

"कार्ड?"

इम्तियाजनं दिव्याकडं बोट दाखवलं. मामा, मशिननं ओळखलंय.

"मशिननं ओळखलं आसंल," चांगदेवमामा म्हणाले. "मला फोटो लागतो. गळ्यात."

मामांचं चूक नव्हतं. गेटवर बोर्डच होता, ओळखपत्र गळ्यात दिसलं पाहिजे, आणि बोर्ड ठोकलेला इम्तियाजच्याच ड्रिलनं. तो तिथून मागं फिरून कार्ड घेऊन आला. पण तोवर गोष्ट ऑफिसात पोचली होती. साहेबांनी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी हात कुतूहलानं बघितला, बघू का म्हणून परवानगी घेऊन चाचपलाही. मग म्हणाले की कंपनीच्या कार्डाची नक्कल करता येत नाही, नियमात बसत नाही. आणि नक्कल माणसात असली तरी ती नक्कलच. चिपचा नंबर सिस्टिममधून काढायला लागेल. तो काढायचं काम साहजिकच सिस्टिमवाल्याला सांगण्यात आलं. इम्तियाजनं खुर्चीवर बसून स्वतःचा हात स्वतःच बाद केला आणि साहेबांची सही घेतली.

बाकीच्या कंपन्यांत गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. आता ती चिप एकच दार उघडते, सणसवाडीच्या खोलीचं. घरमालकाची परवानगी काढून त्यानं तिथं कुलूप बसवलं. पण तो कामावरून येतो तेव्हा सुमैया बहुधा घरातच असते आणि आतून कडी असते. त्यामुळं तो दार वाजवतो. काढून का टाकत नाहीस, असं सतीशनं एकदा विचारलं. आता काय तरास देत न्हाई, असं इम्तियाज म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज ऐकून सतीशला बिबीजानची आठवण झाली.

त्याच्यात दुसरा एक बदल झाला, आणि त्याचा त्याच्या ठेकेदाराला ताप आहे. मशिन बसवून झालं की तो आता निघत नाही. सही घेतल्यावरही उभा राहून सांगत बसतो, धूळ कशी पुसायची, पावसाळ्यात काय करायचं, पहिले काही दिवस कुणाला धक्का मारू देऊ नका. लोक ऐकून घेतात आणि विसरतात. कुणाच्या हाताला चिंधी दिसली की तो थांबतोच. टाके पडलेल्याला पाणी लावू नको म्हणतो. नाक टोचलेल्या पोरीला सारखा हात लावू नको म्हणतो. पोरं त्याला मागं 'कंपाउंडर' म्हणतात.

गेल्या महिन्यात तो रांजणगावच्या एका कंपनीत शिडीवर उभा होता. खाली नकुशीबाई फरशी पुसत होत्या. त्यांच्या तळहाताला पत्रा लागला होता, वर साडीच्या काठाची चिंधी, आणि चिंधी बादलीतल्या काळ्या पाण्यात दर वेळी बुडत होती. इम्तियाज खाली उतरला आणि त्यानं सगळं सांगितलं. ओलं करायचं नाही, दाबायचं नाही, बादली उचलायची नाही, हात छातीच्या वर. नकुशीबाईंनी कमरेवर हात ठेवून शांतपणे ऐकलं.

"मग फरशी कोन पुसंल?" त्यांनी विचारलं.

तो सुपरवायझरकडं गेला. सुपरवायझर म्हणाला, बाई सफाईच्या ठेकेदाराची आहे, त्याला सांगा. ठेकेदारानं फोन उचलला नाही. इम्तियाजला खुटबावची ओसरी आठवली, उशी आठवली, तांब्या आठवला. मग त्यानं पोछा उचलला आणि तो सबंध पॅसेज स्वतः पुसला, वाईट पुसला, आणि नकुशीबाई मागून येत राहिलेल्या जागा दाखवत गेल्या. दुपारी त्यानं त्यांना शिरूरला नेऊन गौतमीकडून पट्टी आणि इंजेक्शन करून आणलं.

दुसऱ्या दिवशी नकुशीबाईंच्या पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती आणि बादली पुन्हा त्यांच्याच हातात होती. इम्तियाज त्यांच्यापाशी गेला. त्यानं बादली घेऊन जिन्याच्या वर, जिथून त्यांना पुसायला सुरुवात करायची होती तिथं, नेऊन ठेवली आणि मग आपल्या शिडीवर चढला.